देवळ्याहून निघालेली प्रार्थना

"ही सिस्टरांची नात ना? मुकी आहे की काय?"

रविवारची उपासना संपली होती. लोक देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, अंगणात चहाच्या टेबलाभोवती उभे होते. विचारणाऱ्या बाई माझ्यापासून दोन हातांवर होत्या, पण मला ऐकू जातंय हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मी कपातल्या चहाकडे बघत राहिले. आजीला तेव्हा कमी ऐकू यायला लागलं होतं, पण हे बरोबर ऐकू आलं. तिनं बिस्किट चहात बुडवलं, तुटायच्या आत तोंडात टाकलं, सावकाश खाल्लं आणि म्हणाली, "मुकी नाही. साठवतेय."

बाई हसल्या. आजी हसली नाही. रिक्षात बसल्यावर तिनं माझ्या गुडघ्यावर एकदा थाप मारली आणि आमचं इंदिरानगर येईपर्यंत ती बाहेर बघत राहिली.

आजी म्हणजे माझ्या पप्पांची आई. तिनं उभा जन्म सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढला. आधी देवळ्याकडची खेडी, मग चांदवड, मग पिंपळगाव, ओझर, आणि रिटायर व्हायच्या आधी नाशिक. सगळे तिला सिस्टर म्हणायचे. आमच्या सोसायटीचा वॉचमन, भाजीवाली, देवळातले पाळकसाहेब, सगळेच. आजोबासुद्धा म्हणे "अहो सिस्टर, चहा झाला का?" असं विचारायचे. त्यामुळे तिला नाव आहे हे मला पुष्कळ उशिरा कळलं. मी दुसरीत असताना पेन्शनच्या कागदावर 'सुगंधा' असं वाचून मी विचारलं होतं, ही कोण? तर म्हणाली, "मीच ती. नाव सुगंधा आणि जन्म गेला फिनेलच्या वासात." मग थोडं थांबून म्हणाली, "आई हाक मारायची. ती गेल्यापासून बंदच आहे ते."

तिच्या सवयी नर्सच्या होत्या. रुमालाची घडी गॉजसारखी चौकोनी. चमचे उकळलेले. पाहुण्याचं लहान मूल घरात आलं की आधी नखं बघायची, मग पापा घ्यायची. रविवारी साडेआठला ती पांढरी, निळ्या काठाची साडी नेसून पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत बसलेली असे. उपासना साडेनऊची असली तरी. देवळात डावीकडचा तिसरा बाक तिचा. गीत सुरू झालं की ती इतक्या वरच्या पट्टीत उचलायची की दुसऱ्या कडव्यापर्यंत बायका एकेक करून गळायच्या आणि शेवटचं कडवं ती आणि पेटीवाले काका असे दोघंच पार पाडायचे. एकदा काकांनी तिला नम्रपणे सांगितलं, सिस्टर, थोडं खाली घेतलंत तर सगळ्यांना जमेल. ती म्हणाली की सगळ्यांनी थोडं वर यावं.

पण तिची खरी उपासना घरी, संध्याकाळी साडेसातला असे. जेवणाआधी आम्ही चौघं बसायचो, आणि आजी नावं घ्यायची.

ही नावं म्हणजे तिच्या हातावर जन्मलेली मुलं. सगळी नव्हेत, जी अडली होती, जी जातील असं वाटलं होतं, ती. त्यांची यादी कुठंही लिहिलेली नव्हती. एसटीच्या रस्त्यासारखी ती तिच्या डोक्यात होती. प्रार्थना देवळ्याच्या स्टँडवरून निघायची, घाट ओलांडून चांदवडला यायची, तिथून पिंपळगाव, ओझर करत नाशकात शिरायची आणि शेवटी आमच्या घरात येऊन थांबायची. "देवबापा, पायाळू दत्तू तुझ्या हातात. जुळ्यातली संगीता आणि अनिता तुझ्या हातात. उशिरा रडलेला समाधान तुझ्या हातात." प्रत्येक नावाला ती बंद डोळ्यांनी दोन्ही तळवे किंचित पुढं करायची, काहीतरी ओलं, निसटतं दुसऱ्याच्या ओंजळीत द्यावं तशी. सगळ्यात शेवटी पप्पा, मम्मी आणि मी. शाळेत मी शॅरन होते. तिच्या प्रार्थनेत मी शारोन होते, 'रो'वर जोर देऊन.

तोपर्यंत आमटीवर साय धरलेली असे. मम्मी हळूच एक डोळा उघडून घड्याळ बघायची. पप्पा एकदा म्हणाले, आई, ती मुलं आता चाळीस-पन्नास वर्षांची झाली, नातवंडं झाली त्यांना. आजी म्हणाली, "मग? डिस्चार्ज कुणी दिला?"

त्या प्रार्थनेला एक नियम होता. स्वतःचं नाव घ्यायचं नाही. आपली पाठ आपल्याला चोळता येत नाही, ती दुसऱ्यानं चोळायची, असं ती म्हणायची. म्हणून तिच्यासाठी प्रार्थना करायचे वार लावलेले होते. बुधवारी पप्पा, शुक्रवारी मम्मी, शनिवारी मी. पप्पा "आईला आरोग्य दे" म्हणायचे, मम्मी "आईंना सांभाळ" म्हणायची. माझ्या शनिवारी मी डोळे मिटून बसायचे, मनात वीस आकडे मोजायचे आणि आमेन म्हणायचे. रविवारच्या शाळेत एकदा मोठ्यानं प्रार्थना करताना माझं मराठी अडखळलं होतं आणि मागच्या बाकावरची मुलं हसली होती. तेवढं कारण मला आयुष्यभर पुरलं.

"मी मनात केली," मी सांगायचे.

"मनातलं देवाला ऐकू येतं गं," आजी म्हणायची. "मला कुठं ऐकू येतं?"

तिनं रागावून कधी म्हटलं नाही. फक्त शनिवारी ती माझ्याकडचा कान थोडा पुढं करून बसायची, आणि आमेन झालं की तो कान मागं घ्यायची. कानातलं मशीन तिच्याकडे होतं, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून डब्यात असायचं. शनिवारी मात्र ती ते लावायची.

पायाळू दत्तूला मी पाहिलंय. एका उन्हाळ्यात बेल वाजली, दारात पन्नाशीचा उंच माणूस, खांद्यावर कांद्याची गोणी. "सिस्टर, वळखलं का?" आजीनं चष्मा सारखा केला आणि म्हणाली, "पाय दाखव."

"पाय?"

"तुझे पायच आधी पाहिले होते मी. तोंड नंतर दिसलं."

तो एवढा मोठा माणूस दारातच लाजला. मग सोफ्याच्या अगदी कडेला बसून चहा प्यायला. गावात त्याच्याकडे लोक येतात, कुणाची कंबर धरली, कुणाला उसण भरली, तर पायाळू माणसाची लाथ लागली की ती जाते म्हणून. लय वैताग हाय सिस्टर, तो म्हणाला, जेवता जेवता उठावं लागतं. आजीनं त्याला चांगलं फैलावर घेतलं. शिकलेला माणूस तू, असल्या गोष्टींना थारा देतोस, हाडाच्या डॉक्टरकडे पाठवायचं त्यांना. दत्तू मान हलवत राहिला. मग त्यानं विचारलं की तुम्ही रोज माझं नाव घेता असं ऐकलं, पण आमचा देव निराळा, तुमच्या देवाला माझं काय? आजी म्हणाली, "ते त्याचं तो बघेल. माझं काम निरोप पोचवायचं."

तो उठला. आजी त्याला सोडायला दारापर्यंत गेली, तिथं घुटमळली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आलाच आहेस तर... चार दिवस झाले, इथं डाव्या बाजूला धरलंय."

दत्तू हादरलाच. सिस्टरला पाय लावू का मी, म्हणाला, नरकात जाईन. ती म्हणाली, नरकाचं मी बघते. शेवटी त्यानं आधी तिला वाकून नमस्कार केला, मग डोळे मिटून, दोन्ही हात जोडून, उजव्या पायाचा अंगठा तिच्या कमरेला पीस टेकवावं तसा टेकवला. दुसऱ्या दिवशी तिची कंबर खरोखर मोकळी झाली. त्या संध्याकाळी देवळ्याच्या स्टँडवर प्रार्थना जरा जास्त वेळ थांबली.

समाधानची गोष्ट तिनं मला एकदाच सांगितली, मी बारावीत तोंडी परीक्षेला घाबरून रडत होते तेव्हा. चांदवडजवळच्या एका वस्तीवर बाळ जन्मलं ते रडेना. निळं पडत चाललं होतं. आजी पाठ चोळत होती, तळव्यांवर टिचक्या मारत होती. आई एकोणीस वर्षांची पोर. आजी तिला म्हणाली, "हाक मार त्याला. नाव घे." त्याला अजून नावच नव्हतं. घाबरून त्या पोरीच्या तोंडात आपल्या भावाचं नाव आलं. समाधान, समाधान. तिसऱ्या हाकेला ते रडलं.

"नावानं रडलं असं मी म्हणत नाही," आजी म्हणाली. "पाठ मी चोळत होते. पण दोन्ही लागलं. हाक मोठ्यानं लागते, बरं का. पोटातल्या पोटात मारून माणूस येत नाही."

मला वाटलं होतं ती मला परीक्षेबद्दल सांगतेय.

यादीतून पहिल्यांदा गळलं ओझर. एका संध्याकाळी प्रार्थना पिंपळगावहून निघाली ती थेट नाशकात आली. पप्पांनी डोळे उघडले. जेवताना ते हसत म्हणाले, आज गाडी ओझरला थांबली नाही वाटतं. आजीनं भाकरी मोडली. मग पिंपळगावातली दोन नावं गेली. मग एकदा आजी चांदवडपर्यंत आली, थांबली, डोळे उघडून तिनं आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पुढं रस्ता बंद आहे." डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. वयोमानानं आहे म्हणाले, वाढत जाईल, आपण फार काही करू शकत नाही. पप्पांनी "किती वाढेल?" असं तीनदा विचारलं.

नाशिक गेलं, तेव्हा त्याच्याबरोबर आम्हीही गेलो. मी तिच्यासाठी 'बाई' झाले. "बाई, जरा पंखा लावता?"

एक गोष्ट मी शहाणपणानं करून ठेवली होती, किंवा तसं मला वाटत होतं. ओझर गळायच्या वर्षभर आधी एका संध्याकाळी मी तिची पूर्ण प्रार्थना मोबाइलवर रेकॉर्ड केली होती, तिला न सांगता. आता साडेसात वाजले की ती बेचैन व्हायची. प्रार्थना व्हायची राहिली म्हणायची, हात जोडून बसायची आणि सुरुवात सापडायची नाही. पप्पा चार वाक्यं बोलायचे, पण त्यांना ती नावं क्रमानं येत नव्हती. म्हणून मी तिच्या कानाशी मोबाइल धरला.

मला बोलावं लागणार नव्हतं, हेही त्यात होतं.

पहिल्या दिवशी तिचा चेहरा एकदम उजळला. देवळा, चांदवड, पिंपळगाव. प्रत्येक नावाला तिचे तळवे पुढं होत होते. आमेन झालं. "कोण बाई आहेत या? चांगलं करतात," ती म्हणाली. पप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आठवडाभर असं चाललं. मग एके दिवशी आमेन झाल्यावरही तिनं हात सोडले नाहीत. तशीच बसून राहिली. मम्मीनं ताट आणलं तरी नाही.

"काय झालं आजी?"

"बाईंनी सगळ्यांना घेतलं," ती म्हणाली. "मला नाही घेतलं."

मी तिला सांगितलं की आजी, हा तुझाच आवाज आहे. तूच बोलतेयस. ती माझ्याकडे बघत राहिली. "मी तर इथं आहे," म्हणाली.

तिच्याच नियमानं तिचं नाव त्यात नव्हतं. मी ते रेकॉर्ड करताना ही गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नव्हती. मी मोबाइल बंद केला, पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तिला बाकी काही आठवत नव्हतं, जेवलो की नाही तेही नाही, पण हे तिनं धरून ठेवलं. रोज साडेसातला ती हात जोडायची, पप्पा प्रार्थना करायचे, आणि आमेन झालं की ती विचारायची, "माझं झालं का?"

पप्पांनी जीव तोडून प्रयत्न केला. "देवा, माझ्या आईला सांभाळ." ती विचारायची, "कुणाच्या आईला?" मम्मी म्हणाली, आजींना शांती दे. तेही तिला लागू पडलं नाही. पाळकसाहेब प्रभुभोजन द्यायला घरी आले, त्यांनी "या वृद्ध भगिनीला" म्हणत सुंदर प्रार्थना केली. आजीनं भाकर घेतली, द्राक्षरस घेतला आणि दाराकडे बघत राहिली, अजून कुणी यायचंय का म्हणून.

काय करायला हवं होतं ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. पप्पा एकदा स्वयंपाकघरात मम्मीला म्हणाले, फॉर्मवर लिहिलंय मी आईचं नाव, पण तोंडानं जन्मात घेतलं नाही. जीभच वळत नाही. मम्मी म्हणाली, तुमची वळत नाही तर माझी कुठून वळणार, मी तर सून. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं नाही, हे मला जाणवलं. माझ्याकडून कुणी अपेक्षाच करत नव्हतं.

मी बाथरूममध्ये नळ सोडून ते नाव म्हणून बघायचे. तिथं यायचं. आजीसमोर बसले की मी तिच्या रुमालाची घडी घालत बसायचे. शनिवारी मी तिच्या कानात मशीन घालायचे. ती कान पुढं करायची. का करायची ते तिला आता आठवत नसणार, पण मानेला आठवत होतं. मी डोळे मिटायचे. वीस आकडे. आमेन. "माझं झालं का?" पावसाळा गेला, नाताळच्या करंज्या होऊन गेल्या, तिनं अर्धी करंजी खाल्ली आणि मी रोज उद्यावर ढकलत राहिले. एवढं साधं, चार अक्षरांचंसुद्धा नसलेलं काम.

मग तो रविवार. तिचा शेवटचा. त्याच आठवड्यात, गुरुवारी दुपारी ती झोपेतच गेली, पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं. पप्पांना त्या दिवशी देवळात बायबलचं शास्त्रवाचन होतं, म्हणून मम्मी आणि ते गेले आणि मी घरी थांबले. आजीला पेज भरवली. तिनं साडीसाठी हट्ट केला, म्हणून पांढरी, निळ्या काठाची साडी गाऊनवरच गुंडाळली. पर्स मांडीवर दिली. गॅलरीत खुर्ची लावून तिला उन्हात बसवलं. खाली वॉचमन पाइपनं कुणाची तरी गाडी धूत होता.

"गाडी लागली का?" तिनं विचारलं.

"कुठली, आजी?"

"देवळ्याची. नाशकाला जायचंय. सकाळपासून बसलेय. सगळ्यांना घेऊन जातात, मलाच नाही." ती तक्रार करत नव्हती. दवाखान्यात नंबर लावून बसलेली माणसं बोलतात, तसं बोलत होती. तिच्या हातांकडे माझं लक्ष गेलं. किती लहान झाले होते ते.

"लागली गाडी," मी म्हटलं.

"मग बसा ना बाई," ती म्हणाली आणि हात जोडून डोळे मिटले.

मी तिच्या पायाशी बसले. "देवबापा," मी म्हटलं. तिनं कानामागं हात धरला. मशीन आत डब्यात होतं. उठले असते तर परत येऊन बसले नसते, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी परत म्हटलं, मोठ्यानं. पायाळू दत्तू तुझ्या हातात. माझा आवाज मलाच परका वाटत होता. जुळ्यातली संगीता... आणि दुसरी आठवेना. मी थांबले. "अनिता," आजी डोळे न उघडता म्हणाली. जिला मी कोण ते ठाऊक नव्हतं, ती म्हणाली. मग घाट, मग चांदवड, उशिरा रडलेला समाधान. पिंपळगावात मी दोन नावं चुकवली असतील, क्रम तर नक्कीच चुकला. ओझर. नाशिक. प्रत्येक नावाला ते लहान तळवे थोडे पुढं होत होते. पप्पा. मम्मी. पुढचं नाव माझं, ते मी घ्यायचं नव्हतं.

यादी संपली. आजीनं आमेन म्हटलं नाही. जोडलेले हात सोडले नाहीत. मान माझ्याकडे थोडी झुकवून, तो एक कान पुढं करून ती थांबून राहिली, शनिवारी थांबायची तशी. खाली वॉचमननं नळ बंद केला आणि अचानक सगळीकडे शांत झालं. आता मी जे म्हणेन ते खालपर्यंत ऐकू जाणार होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, खालून वर चोळला आणि तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले,

"देवबापा, सुगंधा तुझ्या हातात."